शेव मिळणार नाही

हॉटेलला मी नाव ठेवलं नाही.
त्यामुळे नावं ठेवायला सगळे मोकळे.

रामबागेत, पिठाच्या चक्कीला लागून,
चार बाकं, एक शेगडी, एक पातेलं.
रोज एकच पदार्थ. सकाळी पाटीवर लिहिते:
आज कुळथाचं कढण.
आज अंबाडी, ज्वारीच्या कण्या.
आणि खाली, ऑइलपेंटने, कायमचं:
शेव मिळणार नाही.

इंदुरात हे लिहिणं म्हणजे
लग्नघरात सांगणं, की अक्षता नाहीत.
इथे पोह्यांवर शेव, भाजीत शेव,
माणूस परगावी निघाला
तर कपड्यांच्या आधी पिशवीत पाव किलो शेव.

‘दीदी, थोडी सी तो रखो.’
‘नाही.’
‘जीरावन?’
‘नाही.’
‘फिर है क्या?’
मी पाटीकडे बोट दाखवते.
बोट दाखवलेलं कुणालाच आवडत नाही.

दाराशी सुतळीने वही बांधली आहे.
हौस माझीच.
‘पैसे देऊन पथ्य.’
‘कल्पना छान. भूक तशीच.’
‘आज प्रथमच सासूबाईंच्या हातची आठवण आली.’
सुरुवातीला रात्री बसून उत्तरं लिहायचे,
चव म्हणजे काय यावर दीड पान.
मग एखादी ओळ.
मग नुसती तारीख.
एक पान फाडलंही. कोणतं ते सांगणार नाही.

निळकंठराव पागनीस सव्वाबाराला येतात.
खिशात कागदाचा पुडा, लवंगाची शेव.
मी दुसरी पाटी लावली:
बाहेरचे पदार्थ आणू नयेत.
त्यांनी चष्मा पुसून ती नीट वाचली,
तिच्याच खाली बसले
आणि पुडा उघडला.

मग तो मंगळवार.
भाजीवाल्याशी फोनवर वाद घालताना
वरण बुडाला लागलं.
सगळे करतात तेच केलं:
वरचं वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात.
विजयनगरहून पाचजण आले होते.
‘हा धुराचा वास! चुलीवरचं ना? किती अस्सल!’
मी हसले.
हात जोडले, तेही दोन्ही.

पागनीसांनी एक घास घेतला.
पुडा खिशातच.
‘लागलं,’ म्हणाले.
मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतायत.
‘वरण गं. पातेलं बदललंस. वास बदलत नाही.’
‘मग आज तरी घाला शेव,’ मी तिरकस.
‘आज नको. झाकलं जाईल.’

आणि जेवता जेवता, वर न बघता:
‘मालवा मिलमध्ये मी कापड बघायचो.
दिव्यासमोर धरायचं.
खोट दिसली की खडूची खूण.
फाडायचं काम आपलं नव्हतं.’
‘आणि खूण राहून गेली तर?’
‘गिऱ्हाइकाला दिसते. शिवून झाल्यावर.’

ताट निपटलं. पैसे पूर्ण दिले, सुटे मोजून.
वहीकडे पाहिलंही नाही.
जाताना पाटीखालचा खडू उचलला
आणि ‘वरण’ या शब्दाच्या कडेला
एक बारीक फुली.

पाचजणांनी त्या फुलीचाही फोटो काढला.
‘ह्याचा अर्थ काय?’
‘लागलं,’ मी म्हणाले.
त्यांना वाटलं, हे पदार्थाचं नाव.

रात्री पातेलं घासताना
नखांत काळं गेलं, ते दोन दिवस निघालं नाही.
त्या पाचजणांना पैसे परत करायला हवे होते.
केले नाहीत. महिनाअखेर होती.

शेव अजूनही मिळत नाही.
दुसरी पाटी मात्र उतरवली,
ती आता डगमगत्या बाकाच्या पायाखाली आहे.
सव्वाबाराला मी स्वयंपाकघरातून कान देऊन असते.
पुड्याचा कागद वाजला, की श्वास सोडते.
नाही वाजला,
तर हात पुसून बाहेर येते
आणि खडू कुठे आहे ते बघते.